सरकारी परात

बंडोपंत देउस्करांना आयुष्यात एकच गोष्ट नीट जमते असे वाटे. ती म्हणजे सकाळी साडेआठ वाजता पाण्याची पातळी पाहणे. बाकी सगळ्या बाबतीत त्यांना स्वतःविषयी शंका होती. खोलीला कुलूप लावून निघाले की रस्त्यापर्यंत जाऊन ते परत येत आणि कुलूप ओढून पाहत. पत्र पेटीत टाकले की पत्ता बरोबर लिहिला होता की नाही, याचा विचार उत्तर येईपर्यंत चाले. पातळीचे मात्र तसे नव्हते. तिथे पितळेची एक सुई होती, आणि तिचे टोक पाण्याला टेकले की नाही, एवढाच प्रश्न होता.

रोहणा गावाच्या पलीकडे नाल्यावर एक लहान तलाव बांधलेला होता. त्याचा कालवा जिथे संपतो तिथे चौकी होती, कारण सरकारला जागा तिथेच मिळाली. या चौकीवर बंडोपंत एकाहत्तर सालापासून हवामान निरीक्षक होते. चौकीच्या मागे तारेचे कुंपण, आत पांढऱ्या लाकडी पेटीत तापमापके, एक पर्जन्यमापक, वारा मोजायची फिरकी, आणि मधोमध लाकडी चौकटीवर चार फूट व्यासाचे, वीतभर खोल पत्र्याचे गोल भांडे. त्यावर कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसली जाळी. कागदोपत्री त्याचे नाव बाष्पपात्र. गावात त्याला सरकारी परात म्हणत.

परातीचे काम सोपे होते. सकाळी सुईच्या टोकापर्यंत पाणी भरायचे. दिवसभर ऊन आणि वारा त्यातले पाणी पीत. दुसऱ्या सकाळी पुन्हा टोकापर्यंत यायला जेवढे पाणी ओतावे लागले, तेवढे काल उडाले. ओतायचे पितळी माप ठरलेले होते. काठोकाठ एक माप म्हणजे परातीत दोन मिलिमीटर. परातीतून जितके उडते, त्याच्या साधारण सत्तर टक्के पाणी हिरवे पीक आणि त्याखालची जमीन मिळून हवेत सोडते, असा हिशेब बंडोपंतांनी पुस्तकात वाचला होता. पिकाला तहान किती लागली हे विचारता येत नाही, म्हणून परातीला विचारायचे.

अकरा वर्षे हा आकडा कुणी वापरला नव्हता. दर महिन्याला तक्ता वर जाई. तो पोचला, असेही कुणी कळवत नसे. बंडोपंतांना त्याचे वाईट वाटत नव्हते. उलट, कुणी वापरत नाही म्हणजे आपल्या हातून कुणाचे नुकसान होत नाही, असे समाधान त्यांना होते. रजिस्टरमध्ये एकही खाडाखोड नव्हती.

ब्याऐंशी सालच्या फेब्रुवारीत नवे उपअभियंता आले, प्रभाकरराव. तरुण होते, समुद्रपूरकडचे होते आणि बाहेरच्या देशात छापलेल्या पुस्तिका वाचत. त्यांनी उन्हाळी भुईमुगाच्या पाण्यासाठी नवा नियम काढला. आजवर दर दहा दिवसांनी कालव्याला पाणी सुटे, त्याला पाळी म्हणत. आता दिवस मोजायचे नाहीत. एक पाळी संपली की परातीचा रोजचा आकडा बेरजेला धरायचा. बेरीज ऐंशी मिलिमीटर झाली की दुसरी पाळी सोडायची. हवा जेवढे पिते तेवढेच द्यायचे. बंडोपंतांनी चौकीच्या भिंतीवर फळा लावायचा आणि रोज साडेआठनंतर त्यावर आजचा आकडा आणि बेरीज खडूने लिहायची, असे ठरले.

हे ऐकल्यावर बंडोपंतांना दोन रात्री झोप लागली नाही. आपला आकडा कुणीतरी वापरणार होते.

पण मार्च-एप्रिल चांगले गेले. नऊ, दहा, साडेदहा, अकरा असे आकडे येत, आणि आठव्या दिवशी पाणी सुटे. सकाळी चौकीपुढे पाच-सहा शेतकरी सायकली टेकवून उभे राहत. कालव्याची दारे उघडझाप करणारा पाटकरी नत्थूजी फळ्याजवळ बिडी ओढत बसे.

"पंत, आज ओपन काय आला?" तो विचारी.

"नत्थूजी, हा मटका नाही."

"मटक्यात तरी कधी कधी आपला नंबर लागते जी."

पाळी पंचवीस एप्रिलला संपली. दुसऱ्या दिवशी आखजी, म्हणजे अक्षय्य तृतीया होती. फळ्यावर शून्य लिहून बंडोपंतांनी नवी बेरीज सुरू केली.

सत्तावीस एप्रिलच्या सकाळी त्यांनी माप भरले आणि ओतायला लागले. दुसरे माप पुरते रिकामे होण्याआधीच सुईचे टोक पाण्याला टेकले. तीन पूर्णांक सहा. आदल्या दिवशी पारा त्रेचाळीसला होता. बंडोपंतांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला आणि पुन्हा पाहिले. टोक टेकलेलेच होते.

त्यानंतर तीन पूर्णांक नऊ. मग चार पूर्णांक दोन. मग तीन पूर्णांक आठ. ऊन चढत होते आणि आकडा साडेचारच्या वर जायला तयार नव्हता. बंडोपंतांनी पहिला संशय स्वतःच्या डोळ्यांवर घेतला. एका संध्याकाळी आर्वीला जाऊन त्यांनी डोळे तपासून घेतले. डॉक्टर म्हणाले, नंबर तोच आहे. मग त्यांनी माप तपासले. पात्र तिरके झाले आहे का, हे गवंड्याकडून पाणसळ आणून पाहिले. परात गळत असेल, हाही विचार त्यांनी केला. पण गळती असती तर आकडा वाढला असता. कमी व्हायला पाणी आत यावे लागते, आणि वर आभाळात ढगाचा तुकडा नव्हता.

"कुंपणात कुणी येते का हो?" त्यांनी नत्थूजीला विचारले.

"या उन्हात? कुत्रं बी येत नाई पंत. मी सोता येत नाई."

बेरीज रांगत होती. एक मेच्या सकाळी ती एकोणीस पूर्णांक सहा होती, आणि चौकीपुढची गर्दी वाढली होती. रूपराव नावाचा एक शेतकरी होता. कालव्यावरच्या चाळीस शेतकऱ्यांच्या वतीने तोच बोले.

"पंत, तुमचा सूर्य पगारी रजेवर गेला काय?" तो म्हणाला.

लोक हसले. बंडोपंतही थोडे हसले, कारण न हसणे उद्धटपणाचे दिसले असते.

"शेंगा भरून राह्यल्या पंत. आता पाणी नाई भेटलं त नुसती टरफलं निघतीन. बारा लिहा न बारा. कोन पाहून राह्यलं?"

"दिसते तेच लिहावे लागते, रूपराव."

"आन् भुईमूग नाई दिसत तुमाले? कुंपनाच्या पल्याडच हाये. मान वर करा."

कुंपणापलीकडे आनंदाबाईचे तीन एकर होते, कालव्याच्या अगदी शेपटावर. तिचे मालक महादेवराव गेल्या दसऱ्याला वारले होते. शेत ती एकटी पाही. दुपारी अकरापासून भुईमुगाची पाने घड्या घातल्यासारखी मिटत आणि आता संध्याकाळीही उघडत नव्हती. बंडोपंतांनी मान वर केली, पाहिले, आणि खाली घातली.

त्या दिवशी दुपारी ते खोलीत प्रभाकररावांनी दिलेली पुस्तिका घेऊन बसले. पिकाची तहान काढायच्या आणखी रीती तिच्यात होत्या. पेनमन नावाच्या एका इंग्रजाची रीत सगळ्यात पक्की. पण तिला ऊन, वारा, दमटपणा सगळेच लागते, आणि चौकीवरचा ऊन मोजायचा काचेचा गोळा अठ्ठ्याहत्तर साली दुरुस्तीला गेला होता, तो अजून आला नव्हता. ब्लेनी आणि क्रिडल या दोघांची रीत गरिबाची होती. तिला नुसते तापमान पुरे. सरासरी तापमानाला एका आकड्याने गुणायचे, त्यात आठ मिळवायचे, आणि त्या महिन्यात दिवस किती लांब असतो त्या मानाने पुन्हा गुणायचे. बंडोपंतांनी छत्तीस अंश धरून गणित केले. उत्तर आले सात पूर्णांक एक मिलिमीटर. परातीच्या चारचे सत्तर टक्के काढले तर तीनही भरत नव्हते.

त्यांनी गणित चार वेळा केले. सातच येत होते. कोरड्या, वाऱ्याच्या मुलखात ही रीत खरी तहान कमीच दाखवते, असेही पुस्तिकेत खाली बारीक अक्षरात होते. म्हणजे खरे सातापेक्षाही जास्त. बंडोपंतांनी तो कागद घडी करून खिशात ठेवला. गणित बरोबर असेल, असे त्यांना वाटले. पण ते आपण केलेले आहे, हीच त्यातली अडचण होती.

पाच मेच्या सकाळी कहर झाला. त्यांनी जाळी उचलली, पाहिले, तर सुई पाण्यात बुडालेली. पाणी ओतायचे सोडून त्यांना ते काढावे लागले. जवळजवळ दोन मापे निघाली. चोवीस तास चव्वेचाळीस अंशाच्या उन्हात राहून परातीतले पाणी वाढले होते. बंडोपंतांनी लाल शाईने लिहिले: उणे तीन पूर्णांक सात, कारण अज्ञात. आणि फळ्यावर बेरीज बत्तीस पूर्णांक तीनची अठ्ठावीस पूर्णांक सहा केली.

रूपरावने फळ्यावरच्या बेरजेवर बोट ठेवले.

"मांगं गेली?"

"हो."

"म्हंजे सूर्यानं पेलेलं पानी परत आनून देल्लं?"

"तसा अर्थ निघतो खरा."

"चाल रे नत्थू," रूपराव म्हणाला. "दोन-चार दिवसांत आपल्यालेच काही देनं निघन."

सहा तारखेला प्रभाकररावांची जीप आली. ते खुशीत होते. त्यांनी रजिस्टर पाहिले, उणे तीन पूर्णांक सातवर बोट ठेवले, "थोडी एरर येतेच," म्हणाले आणि पान उलटले.

"पंत, मागच्या वर्षी या दिवसांत दोन पाळ्या झाल्या होत्या. यंदा एकच. निम्मं पाणी वाचलं. मी वर कळवलंय. तिकडून फोन आला, फार चांगलं काम आहे म्हणाले."

"साहेब, पीक वाळतंय."

"शेतकरी नेहमीच तसं म्हणतात. फार गरम झालं की झाडं पानं मिटून घेतात, पाणी कमी सोडतात. पुस्तकात आहे."

परात हे झाड नव्हे आणि तिला मिटायला पाने नाहीत, हे वाक्य बंडोपंतांच्या मनात पूर्ण तयार झाले होते. खिशात कागद होता. त्यांनी खिशावर हात ठेवला. तोवर प्रभाकरराव जीपमध्ये बसले होते.

दुसऱ्या सकाळी आकडा चार पूर्णांक पाच, बेरीज सदतीस पूर्णांक तीन. पाणी मिळून बारा दिवस झाले होते. फळ्यापुढच्या लोकांनी सायकली वळवल्या. आनंदाबाई आपल्या बांधावरून फळ्याकडे पाहत होती. तिला वाचता येत नव्हते, पण लोकांच्या चेहऱ्यावरून तिने काय ते ओळखले आणि ती वळली.

त्या दिवशी बंडोपंतांनी नियम मोडला. अकरा ते चार ही त्यांची खोलीत पडून राहायची वेळ. त्याऐवजी ते डोक्याला उपरणे गुंडाळून तापमापकांच्या पेटीच्या सावलीत जाऊन बसले. सावली त्यांच्यापेक्षा अरुंद होती. बारा वाजले. जाळीवर दोन साळुंक्या येऊन बसल्या, चोची आ करून पाण्याकडे पाहत राहिल्या आणि उडून गेल्या. साडेबाराला कुंपणाच्या फाटकाची कडी वाजली.

आनंदाबाई डोक्यावर तांब्याची घागर घेऊन आत आली. पायात चपला, पोळू नये म्हणून चपलांत पळसाची पाने घातलेली. ती सरळ परातीपाशी गेली, घागर उतरवली, क्षणभर हात जोडले आणि जाळीतून सगळे पाणी आत ओतले.

बंडोपंत उठून उभे राहिले. "आनंदाबाई!"

ती दचकली नाही. "काय जी पंत?"

"हे काय करता?"

"पानी घालून राह्यली. दिसत नाई काय?"

"कशासाठी?"

"पाखराईसाठी. तुमी बी त घालता रोज सकाळी, टमरेलानं मोजू मोजू. मी पाह्यते न बांधावरून. एक टमरेल, दुसरं टमरेल, आन् मंग वाकून पाह्यता का जास्त त नाई पडलं. येवढ्याशा पान्यानं कोन्या पाखराचं भागते? वरतून जाळी! चोच त बुडाली पाह्यजे. म्या म्हनलं, सरकारचं पुन्य अर्धं हाये, आपन पुरं करू."

बंडोपंत परातीपाशी आले. "रोज घालता?"

"आखजीपासून. आमच्या ह्याईची पयली आखजी न ही. बामनाले घागर देल्ली, पन ह्याईले बामनापेक्षा पाखराईचा लळा. म्हून मिरगापावतर नेम धरला. रोज एक घागर. एकादशीले दोन."

"एकादशीला दोन," बंडोपंत म्हणाले.

"हो. मंगळवारी होती न."

मंगळवार म्हणजे चार मे. पाच मेच्या सकाळी सुई बुडाली होती. बंडोपंत मटकन परातीच्या लाकडी चौकटीवर बसले. अकरा वर्षांत ते तिथे कधी बसले नव्हते.

त्यांनी तिला समजावून सांगितले. त्यांना समजावून सांगता येत नसे, पण या वेळी सांगितले. परात कशासाठी आहे, ऐंशी म्हणजे काय, फळ्यावर काय लिहितात. तिने परातीतल्या सुईकडे वाकून पाहिले. मग म्हणाली,

"म्हंजे मी पाखराले पानी पाजलं म्हून माह्या भुईमुगाचं पानी कटलं?"

"हो."

"आन् नसतं पाजलं त?"

"सोमवारीच पाळी सुटली असती."

"आन् सगळ्याईचंच कटलं? रूपरावचं बी? सारा कालवा?"

"हो."

ती रिकामी घागर हातात घेऊन उभी राहिली. "हे कोनं ठरवलं, का परातीतून किती उडते ते पाहून पानी द्याचं?"

"ते शास्त्र आहे."

"शास्त्रानं एखांद्या बाईले विचारलं असतं," आनंदाबाई म्हणाली. मग एकदम तिचा आवाज खाली आला. "पंत, हे गावात नोका सांगू जी. मी एकटी बाई. चाळीस घरं माह्या दारात येतीन. महादेवरावच्या बायकोनं करनी करून कालवा बांधला म्हनतीन. वावर करू नाई देनार मले."

बंडोपंतांनी काही वचन दिले नाही. त्यांनी फक्त घागर मागितली.

तिच्या विहिरीत पिण्यापुरतेच पाणी होते. त्यातून तिने रोजच्यासारखी घागर भरून आणली आणि बंडोपंतांनी ती पितळी मापाने मोजली. एक माप, दोन, तीन. चौथे माप काठोकाठ भरले आणि घागर रिकामी झाली. आठ मिलिमीटर. त्यांनी पुन्हा भरायला लावली, पुन्हा मोजली. आठ. आनंदाबाई घागर डोक्यावर हिंदकळू नये म्हणून रोज एकाच रेषेपर्यंत भरत होती. चाळीस वर्षांचा हात होता.

मग ते खोलीत गेले आणि रजिस्टर उघडले. अकरा दिवस, बारा घागरी. तीन पूर्णांक सहाचे अकरा पूर्णांक सहा झाले. चारचे बारा. उणे तीन पूर्णांक सातमध्ये सोळा मिळवल्यावर बारा पूर्णांक तीन आले, आणि ते शेजारच्या दिवसांच्या रांगेत असे बसले की जणू कधी बाहेर गेलेच नव्हते. सगळी बेरीज एकशे तेहतीस. बाराचे सत्तर टक्के साडेआठाच्या जवळ; ब्लेनी-क्रिडलच्या सातापेक्षा थोडे जास्त, जसे बारीक अक्षरात म्हटले होते. बंडोपंतांनी खिशातला कागद काढून रजिस्टरशेजारी ठेवला. अकरा दिवसांत पहिल्यांदा दोघे एकमेकांना ओळख देत होते.

शनिवारी पातळीची नोंद झाल्यावर ते एसटीने उपविभागाच्या कचेरीत गेले. प्रभाकररावांनी ऐकून घेतले. त्यांचा चेहरा उतरत गेला.

"घागर?" ते म्हणाले.

"हो साहेब. आठ मिलिमीटरची."

"पंत, घागर हे युनिट कोणत्या मॅन्युअलमध्ये आहे? मी वर कळवलंय की निम्मं पाणी वाचलं. आता काय कळवू? कुणीतरी बाहेरून पाणी ओतत होतं? कोण ओतत होतं?"

बंडोपंतांनी टेबलावरच्या पेपरवेटकडे पाहिले. "ते मी सांगणार नाही, साहेब."

प्रभाकररावांना हे अपेक्षित नव्हते. बंडोपंतांनाही नव्हते.

"म्हणजे? कारण नको का द्यायला?"

"कारण मी लिहून आणलंय." त्यांनी कागद पुढे केला. त्यात लिहिले होते की पात्रात रोज बाहेरचे पाणी पडत होते. एकूण बारा वेळा, प्रत्येक वेळी आठ मिलिमीटर. ते वेळीच लक्षात येणे हे निरीक्षकाचे काम होते, आणि ते निरीक्षकाच्या लक्षात आले नाही. खाली सही. तापमानावरून काढलेले गणित सोबत जोडले होते.

प्रभाकररावांनी ते दोनदा वाचले. "फाटकाला कुलूप नव्हतं?"

"अठ्ठ्याहत्तर साली मागितलं होतं. काचेच्या गोळ्याबरोबर."

"तुमच्या सर्व्हिस बुकात शेरा येईल याचा. माहीत आहे ना?"

"हो."

प्रभाकररावांनी कागद पुन्हा वाचला, आणि हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर बरे वाटल्याची खूण दिसू लागली. चूक नियमाची नव्हती. पुस्तिकेचीही नव्हती. चूक इथे, सहीनिशी समोर बसली होती. चूक आपली आहे असे म्हणायची बंडोपंतांना जन्माची सवय; ती कुणाच्या उपयोगी पडण्याची ही पहिलीच वेळ होती. त्यात धैर्य किती आणि सवय किती, हे त्यांना पुढेही कधी नीट ठरवता आले नाही.

"पाणी आजच सोडतो," प्रभाकरराव म्हणाले आणि चिठ्ठी लिहायला घेतली.

"साहेब, अजून एक." बंडोपंत उठले होते, ते पुन्हा बसले. "या वेळी पाळी शेपटाकडून सुरू करावी. नेहमी वरच्यांना आधी मिळते. शेपटाला पोचायला आणखी चार दिवस लागतील."

"वरचे लोक ओरडतील."

"ओरडतील. शेपटाकडचे आता ओरडत नाहीत, साहेब. म्हणून म्हणतो."

प्रभाकररावांनी त्यांच्याकडे नवे माणूस पाहावे तसे पाहिले, आणि चिठ्ठीत तेही लिहिले.

बंडोपंतांनी परत आल्यावर रजिस्टरमधल्या अकरा ओळींवर लाल रेघ मारली आणि प्रत्येकीशेजारी नवा आकडा लिहिला. एक रेघ वाकडी आली. फळा पुसून शुक्रवारपर्यंतची बेरीज एकशे तेहतीस पूर्णांक तीन लिहिली. नत्थूजी चिठ्ठी वाचून सायकलवर बसला आणि वरची सगळी दारे बंद करत निघाला.

रविवारी सकाळी पाणी शेपटाला पोचले. आनंदाबाई फावडे घेऊन सरीत उभी होती. बंडोपंत साडेआठचा आकडा घेऊन (बारा पूर्णांक एक, घागरीशिवाय) तिच्या बांधावर आले. कालपासून कुंपणाबाहेर कडुनिंबाखाली त्यांनी लोखंडी घमेले ठेवले होते, जाळी नसलेले, आणि आनंदाबाईने नेमाची घागर त्यात ओतली होती. पाखरे अजून जाळीवरच बसत होती.

रूपराव कालव्याच्या कडेने चालत आला. त्याचे शेत वर होते आणि त्याला पाणी गुरुवारी मिळणार होते.

"वा पंत! अकरा दिस झोपा काहाडल्या, आन् आता पानी उलटं चालवून राह्यले. साहेबाले लिहून देल्लं म्हनते तुमी, का चूक माही हाये. खरी गोष्ट?"

"खरी," बंडोपंत म्हणाले.

"डोये तपासून घ्या म्हनलं तुमाले."

"घेतले."

"त मंग डोक्शाचं पाहा."

आनंदाबाईने फावडे खाली टेकवले. "रूपराव भाऊ, पंताले काही बोलू नोका. त्या परातीत पानी मी घालत होती. आखजीपासून. पाखराईसाठी."

रूपरावने तिच्याकडे पाहिले. मग बंडोपंतांकडे, मग घमेल्याकडे.  महादेवरावांच्या तेरवीला तो स्वतः पंगतीत वाढायला होता.

"तू?" तो म्हणाला.

"हो. आता जा, साऱ्या गावाले सांग. सांगाचं असन त. पन पंताचं नाव नोको घेऊ."

रूपराव बांधावर उकिडवा बसला. त्याने सरीतून सरकणारे पाणी पाहिले. पाणी भेगांत शिरत होते आणि भेगांतून हवेचे बुडबुडे निघत होते. मग तो उठला, धोतर झटकले आणि म्हणाला, "बेस्तरवारपावतर माह्या वावराचं काय होते ते पाहू. तवापावतर मी काही आयकलं नाई." आणि गेला.

आनंदाबाईने एक झाड उपटले. मुळांच्या मातीतून शेंगा लोंबत होत्या. ती एकेक शेंग दोन बोटांत दाबून पाहू लागली. काही टणक लागत होत्या, काही फस्कन बसत. बंडोपंत तिच्या चेहऱ्याकडे न पाहता बोटांकडे पाहत होते.

"बारा," ती म्हणाली. "सात भरल्या, पाच पोचट."

 बंडोपंतांना क्षमा मागायची होती, पण ती कुणी कुणाची मागावी हे त्यांना नक्की सांगता आले नसते.

"हे येका झाडाचं झालं," आनंदाबाई म्हणाली. "त्या कोपऱ्यातलं अजून उपटाचं हाये. तठी पोचट कमी असतीन." तिने फावडे त्यांच्या हातात दिले. "मी पाहून येते. तवरक ही सरी भरली का पानी तिकडच्या सरीत वळवजा."

"मला जमेल का?"

"माती इकडची काहाडाची, तिकडं लावाची. त्यात काय जमाचं?"

ती गेली. बंडोपंतांनी चपला बांधावर काढल्या, धोतर वर खोचले आणि चिखलात उतरले. सरी भरली. त्यांनी माती काढली, पण लावायला उशीर झाला, आणि पाणी दोन्हीकडे पळाले. ते वाकून दोन्ही हातांनी चिखल लोटू लागले.